शार्ङ्गदेव

शार्ङ्गदेव (इ.स.चे १३ वे शतक) हे देवगिरीच्या यादव राजवटीतील संगीतशास्त्रज्ञ, वैद्य आणि राजसेवेतील उच्चपदस्थ अधिकारी होते. यादव राजा दुसरा सिंघण (कारकीर्द सुमारे इ.स. १२१० ते १२४७) याच्या आश्रयाने त्यांनी संगीतरत्नाकर हा संस्कृत ग्रंथ रचला. भरताचे नाट्यशास्त्र आणि मतंगाची बृहद्देशी यांच्यानंतर भारतीय संगीतावरील सर्वाधिक प्रमाणभूत ग्रंथ म्हणून तो ओळखला जातो. उत्तरेकडील हिंदुस्तानी आणि दक्षिणेकडील कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे शास्त्रकार आपली परंपरा सांगताना या ग्रंथाचा आधार घेतात.

संगीतरत्नाकर रागांचा व तालांचा कोश म्हणून अधिक परिचित आहे. तथापि शब्दाचा अर्थ न कळताही स्वर मनाला का भिडतो, काही स्वरांच्या जोड्या गोड का लागतात आणि काही कानाला का खुपतात, या प्रश्नाचा विचार त्यात आरंभापासून चालू राहतो. शार्ङ्गदेव वैद्य होते, ही गोष्ट तो विचार समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

जीवन

शार्ङ्गदेवांच्या चरित्राचा मुख्य आधार म्हणजे संगीतरत्नाकराच्या प्रारंभी त्यांनी स्वतः दिलेली कुलकथा होय. त्यांचे घराणे वृषगण ऋषींच्या वंशातील असून मूळचे काश्मीरचे होते. आजोबा भास्कर हे काश्मीर सोडून दक्षिणेत आले व येथेच स्थायिक झाले. भास्करांचे पुत्र सोढल यांनी यादव राजा पाचवा भिल्लम आणि पुढे सिंघण यांच्या पदरी राहून मानमरातब मिळविला. शार्ङ्गदेव हे सोढलांचे पुत्र.

काश्मीर ही त्यापूर्वीच्या काही शतकांत रसचर्चेची भूमी होती. नाट्यशास्त्रावर लिहिणारे लोल्लट, शंकुक आणि अभिनवगुप्त हे तेथीलच. शार्ङ्गदेवांनी आपल्या पूर्वसूरींची जी दीर्घ नामावळी दिली आहे तीत या तिघांची नावे येतात. त्याच नामावळीत कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर व जगदेकमल्ल हे राजेही आहेत. काश्मिरी रसशास्त्र आणि दख्खनी दरबारांतील संगीतव्यवहार या दोन परंपरा त्यांच्या लेखनात एकत्र आल्या, त्यामागे घराण्याचे हे स्थलांतर होते.

सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव श्रीकरण खात्याचे प्रमुख होते. श्रीकरण म्हणजे राज्याचे दफ्तर व हिशेब पाहणारे कार्यालय. पुढे महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या काळात हेमाद्री, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले हेमाडपंत, याच खात्याचे अधिपती झाले. ग्रंथात शार्ङ्गदेव स्वतःला निःशंक असे बिरुद लावतात. त्यांच्या नावाशी जोडलेली निःशंक वीणा याच बिरुदावरून ओळखली जाते. दरिद्री ब्राह्मणांना द्रव्य, जिज्ञासूंना विद्या आणि रोग्यांना औषध देऊन आपण तिघांचेही ताप हरतो, असे त्यांनी स्वतःविषयी नोंदविले आहे. देशोदेशी भटकून थकलेली सरस्वती आपल्या ठायी विसावली, हेही ते सांगतात. नम्रतेचा आव त्यांच्या लेखनात आढळत नाही. अध्यात्मविवेक या आपल्या दुसऱ्या ग्रंथाचा उल्लेखही त्यांनी केला आहे.

काळ आणि परिसर

आजचा परभणी जिल्हा त्या काळी यादवांच्या राज्यात मोडत असे. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील मंदिरसमूह आणि गंगाखेड तालुक्यात गोदावरीकाठी धारासूर येथे असलेले गुप्तेश्वर मंदिर हे त्या काळाचे अवशेष होत. धारासूरच्या मंदिराच्या बाह्य भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पे आहेत. संगीतरत्नाकराच्या शेवटच्या अध्यायात अंगांचे, हातांचे व दृष्टीचे जे बारीक वर्णन येते, ते अशा शिल्पांच्या काळातले आहे.

मराठी भाषेत ग्रंथरचना होऊ लागली ती याच राजवटीत. महानुभाव पंथाची उभारणी, महदंबेचे धवळे, ज्ञानेश्वरी आणि नामदेवांची कीर्तने ही सारी यादवकाळाच्या उत्तरार्धातली. शार्ङ्गदेव यांच्या आधीच्या पिढीतले आणि संस्कृतात लिहिणारे. तरी भोवतालचे मराठी गाणे त्यांच्या कानांवर पडत होते, याची खूण ग्रंथात आहे.

संगीतरत्नाकर

ग्रंथाचे सात अध्याय आहेत : स्वरगत, रागविवेक, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन. गीत, वाद्य आणि नृत्य या तिन्हींना मिळून संगीत ही संज्ञा आहे, या व्याख्येला धरून ही मांडणी झाली आहे. रागविवेकाध्यायात ग्रामराग, भाषा, विभाषा, रागांग, उपांग इत्यादी दहा वर्गांत मिळून २६४ राग सांगितले आहेत. देशी रागांची पूर्वी प्रसिद्ध असलेले आणि सध्या प्रसिद्ध असलेले अशी विभागणी ते करतात. रागांची लोकप्रियता काळाबरोबर बदलते, हे त्यांनी गृहीतच धरले होते. तुरुष्क हे विशेषण लागलेले रागही त्यांच्या यादीत आहेत. दिल्लीची सेना देवगिरीवर चालून येण्याच्या कितीतरी आधीची ही नोंद आहे.

नादाची उत्पत्ती

स्वरगताध्यायात स्वरांची चर्चा सुरू होण्यापूर्वी पिंडोत्पत्तीचे प्रकरण येते. गर्भ महिन्यामहिन्याने कसा वाढतो, त्वचा, अस्थी, स्नायू व नाड्या किती व कशा, याचे तपशीलवार वर्णन त्यात आहे. संगीताच्या ग्रंथात हे प्रकरण आजच्या वाचकाला अनपेक्षित वाटते. शार्ङ्गदेवांच्या दृष्टीने मात्र ते अपरिहार्य होते. गाणे शरीरात जन्मते आणि शरीरातच परिणाम करते. म्हणून आधी शरीर जाणून घ्यावे, हा त्यामागचा क्रम आहे.

त्यांच्या वर्णनानुसार आत्म्याला बोलण्याची इच्छा होते, तो मनाला प्रेरणा देतो, मन देहातील अग्नीला आघात करते आणि अग्नी वायूला चालना देतो. हा वायू नाभी, हृदय, कंठ, मस्तक व मुख या स्थानांतून वर सरकताना नाद प्रकट करतो. हृदयातला नाद मंद्र, कंठातला मध्य आणि मस्तकातला तार. हृदयाच्या ठिकाणी उभ्या नाडीला जोडलेल्या २२ आडव्या नाड्या असून त्यांवर वायूचा आघात झाला की एकापेक्षा एक उंच अशा २२ श्रुती निर्माण होतात, आणि हीच रचना कंठात व मस्तकात पुन्हा आढळते, असे ते मानत. आधुनिक शरीरशास्त्राला अशा नाड्या ज्ञात नाहीत. तरीही आवाजाची उंची आणि छाती, कंठ व डोके यांत जाणवणारी कंपने यांचा संबंध प्रत्येक गायक अनुभवतो, आणि या वर्णनाचे मूळ त्या अनुभवात शोधता येते.

नादाचे आहत व अनाहत असे दोन प्रकार करून अनाहत नाद योग्यांसाठी ते बाजूला ठेवतात. तो मुक्ती देतो, पण रंजन करीत नाही. लोकांचे रंजन आहत नादाने होते. पाळण्यात रडणारे मूल, ज्याला अजून कोणत्याही विषयाची गोडी कळलेली नाही, तेही गाणे ऐकून हरखते; रानातले हरिण पारध्याच्या गाण्याला भुलून प्राण गमावते. ही दोन उदाहरणे परंपरेला परिचित असली, तरी येथे त्यांचा उपयोग एका नेमक्या मुद्द्यासाठी झाला आहे. मुलाला वा हरिणाला शब्दार्थ कळत नाही, त्यामुळे परिणाम करणारी शक्ती नादातच असली पाहिजे. स्वराची त्यांची व्याख्याही याच्याशी जुळते. श्रुतीच्या पाठोपाठ उमटणारा, स्निग्ध, घुमत राहणारा आणि दुसऱ्या कशाच्या मदतीशिवाय ऐकणाऱ्याच्या चित्ताचे रंजन करणारा तो स्वर, असे ते सांगतात.

श्रुती आणि संवाद

श्रुती २२ आहेत हे दाखविण्यासाठी शार्ङ्गदेवांनी दोन वीणांचा प्रयोग वर्णिला आहे. प्रत्येक वीणेला २२ तारा लावायच्या. पहिली तार शक्य तितक्या खाली आणि पुढची प्रत्येक तार किंचित उंच, अशी की दोघींच्या मध्ये तिसरा ध्वनी ऐकू येऊ नये. एक वीणा ध्रुव, म्हणजे स्थिर ठेवायची. दुसरी चल वीणा टप्प्याटप्प्याने एकेक श्रुती उतरवायची. दुसऱ्या टप्प्यात चल वीणेवरील गंधार व निषाद हे ध्रुव वीणेवरील ऋषभ व धैवताशी मिळतात. तिसऱ्यात ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचमाशी मिळतात, आणि चौथ्यात षड्ज, मध्यम व पंचम हे आपापल्या खालच्या स्वरांत विलीन होतात. भरताच्या ग्रंथात या प्रयोगाचे मूळ आहे. २२ तारांची योजना करून शार्ङ्गदेवांनी तो अधिक उघड केला. प्रयोगाची सारी मदार कानावर आहे आणि सर्व श्रुती सारख्या मापाच्या आहेत की नाहीत, हे त्यावरून ठरत नाही. पुढच्या काळातील बहुतेक वाद याच जागेवरून उद्भवले.

षड्जग्रामात षड्जाच्या चार, ऋषभाच्या तीन, गंधाराच्या दोन, मध्यमाच्या चार, पंचमाच्या चार, धैवताच्या तीन आणि निषादाच्या दोन श्रुती असतात. ज्या दोन स्वरांच्या मध्ये १२ किंवा ८ श्रुती येतात ते परस्परांचे संवादी. षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम या जोड्या याच नियमात बसतात. रागातील मुख्य स्वर वादी हा राजा, संवादी हा प्रधान, अनुवादी सेवक आणि विवादी शत्रू, अशी दरबारी उपमा त्यांनी दिली आहे. तारेच्या लांबीच्या हिशेबात षड्ज-पंचमाचे प्रमाण ३ : २ आणि षड्ज-मध्यमाचे ४ : ३ येते. अशा साध्या प्रमाणातील स्वरांचे उपस्वर एकमेकांत मिसळतात, तर जवळजवळच्या बेसूर स्वरांत ते एकमेकांशी अडखळून थरथर उत्पन्न करतात, हे स्पष्टीकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली मांडले. शार्ङ्गदेवांकडे कंपनसंख्या मोजण्याचे साधन नव्हते. गोड लागणाऱ्या जोड्या त्यांनी श्रुती मोजून सांगितल्या, आणि त्या जोड्या त्याच निघाल्या.

स्वर आणि रस

श्रुतींच्या पाच जाती त्यांनी नोंदविल्या आहेत : दीप्ता, आयता, करुणा, मृदू आणि मध्या. दीप्ता जातीत तीव्रा, रौद्री, वज्रिका व उग्रा या श्रुती येतात. करुणा जातीत दयावती, आलापिनी व मदंती. नावांवरूनच दिसते की येथे श्रुती ही केवळ उंचीची मोजणी राहत नाही. प्रत्येक श्रुतीला स्वतःचा स्वभाव आहे. एका स्वराच्या पोटात अनेक जातींच्या श्रुती असल्याने स्वराचा भाव मिश्र होतो.

त्यापुढे स्वरांची रसांशी घातलेली सांगड येते. षड्ज व ऋषभ हे वीर, अद्भुत व रौद्र या रसांचे. धैवत बीभत्स व भयानकाचा. गंधार व निषाद करुणाचे. मध्यम व पंचम हास्य व शृंगाराचे. परंपरेने आलेल्या अशाच कोष्टकांत प्रत्येक स्वराचा पशुपक्षी, देवता, वर्ण व रंगही दिलेला आहे. मोर षड्जात बोलतो, चातक ऋषभात, बोकड गंधारात, क्रौंच मध्यमात, कोकिळ पंचमात, बेडूक धैवतात आणि हत्ती निषादात. हा भाग शास्त्रापेक्षा स्मरणसूत्र म्हणून वाचणे योग्य.

रसांच्या कोष्टकाचे मात्र तसे नाही. षड्जग्रामातील गंधार व निषाद हे आपल्या खालच्या स्वरापासून दोनच श्रुतींवर असल्याने ते आजच्या कोमल गंधार व कोमल निषादाच्या जवळ येतात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्या हिशेबाने रत्नाकराचे शुद्ध सप्तक आजच्या काफी थाटासारखे ठरते. आणि कोमल गंधार करुण वाटतो, हा अनुभव आजच्या श्रोत्यालाही परका नाही. धैवताचे बीभत्स व भयानकाशी असलेले नाते मात्र आजच्या कानाला पटणे अवघड आहे. शार्ङ्गदेवांनी नर्तनाध्यायात शांतासह नऊ रसांचा विचार केला आहे, तर स्वरांच्या या वाटणीत आठच रस येतात. शांताच्या वाट्याला एकही स्वर आलेला नाही.

प्रत्यक्ष रागवर्णनात हे कोष्टक सरधोपटपणे लावलेले नाही. रागाचा अंश स्वर कोणता, आरंभ व विश्रांती कोणत्या स्वरावर, कोणता स्वर वारंवार येतो आणि कोणता निसटता, तारस्थानात व मंद्रात मर्यादा कोठवर, अशा तेरा लक्षणांनी जातीचे रूप ठरते, आणि रागांचे वर्णनही याच लक्षणांच्या भाषेत केले जाते. रस अंश स्वराच्या मागून येतो. शुद्धसाधारित या रागात तारषड्ज हा ग्रह व अंश असून तो वीर व रौद्र रसांत, दिवसाच्या पहिल्या प्रहरी गावा आणि त्याची देवता सूर्य, असे विधान आहे. षड्जाला अंशत्व मिळाले म्हणून वीर व रौद्र आले. एकटा स्वर भाव सुचवितो, पण तो उभा राहतो सोबतच्या स्वरांच्या संगतीत, हा विचार या वर्णनांतून स्पष्ट होतो.

आवाजाचे गुणधर्म

प्रकीर्णकाध्यायात वैद्य शार्ङ्गदेव पुन्हा पुढे येतात. आवाजाचे चार प्रकार त्यांनी त्रिदोषांवर आधारले आहेत. कफातून होणारा खाहुल हा स्निग्ध व मृदू. पित्तातून होणारा नाराट हा तिन्ही स्थानांत भरीव. वातातून होणारा बोंबक हा आतून पोकळ, रूक्ष व मोठा. तिघांच्या मिश्रणाने मिश्रक होतो, आणि त्याचे अनेक पोटभेद दिले आहेत. गायकाच्या प्रकृतीचे हे निदान आजही वाचनीय आहे.

याच अध्यायात गमकाचे पंधरा प्रकार येतात. तिरिप, स्फुरित, कंपित, लीन, आंदोलित अशी त्यांची नावे स्वराच्या हालचालीच्या वेगावरून व वळणावरून पडली आहेत. काकू, म्हणजे आवाजातील भावसूचक फेरही त्यांनी स्वर, राग, देश, क्षेत्र, यंत्र इत्यादी भेदांनी सांगितला आहे. क्षेत्र म्हणजे गाणाऱ्याचे शरीर. तोच राग दोन गायकांच्या गळ्यात वेगळा भाव का देतो, याचे उत्तर त्यांनी क्षेत्रकाकूत दिले.

देशी संगीत आणि ओवी

मार्गी संगीत कल्याणकारी आणि नियमबद्ध. देशी संगीत त्या त्या प्रदेशातील लोकांच्या रुचीप्रमाणे हृदयाचे रंजन करणारे, हा भेद शार्ङ्गदेवांनी पत्करला व आपल्या ग्रंथाचा मोठा भाग देशीला दिला. प्रबंधाध्यायात ओवीचा समावेश आहे. प्रासयुक्त तीन खंड, देशभाषेतील रचना आणि शेवटी ओवी हे पद, असे तिचे लक्षण आहे. सोमेश्वराच्या १२ व्या शतकातील मानसोल्लासात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात अशी नोंद आधीच झाली होती. ओवीजवळच धवल व मंगल हे प्रबंधही येतात. महदंबेचे धवळे याच जातीचे.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते. दळणकांडणाच्या लयीत बांधलेले त्यांचे अभंग शार्ङ्गदेवांनंतरच्या काळातले. जात्याची घरघर हाच आधारस्वर आणि हाताचा फेरा हीच लय, अशा या गाण्यात स्वर मोजकेच असतात. शब्दांचा अर्थ पूर्ण कळण्यापूर्वीच मांडीवरचे मूल त्याने शांत होते. पाळण्यातल्या मुलाचे शार्ङ्गदेवांनी दिलेले उदाहरण गोदाकाठच्या घराघरांत रोज पहाटे घडत होते.

प्रभाव आणि मतभेद

यादवांची सत्ता १४ व्या शतकाच्या आरंभी संपली, तरी ग्रंथाचा प्रसार थांबला नाही. १४ व्या शतकात सिंहभूपालाने त्यावर संगीतसुधाकर ही टीका लिहिली. १५ व्या शतकात विजयनगरच्या आश्रयाने कल्लिनाथाने कलानिधी ही टीका रचली, आणि ग्रंथातील लक्षणे व आपल्या काळचे गायन यांत पडलेले अंतर त्याने लपविले नाही. गुजरातमध्ये १३७४-७५ च्या सुमारास लिहिलेल्या गुन्यतुल मुन्या या फारसी ग्रंथात रत्नाकराचा आधार घेतलेला आहे. मेवाडच्या राणा कुंभाचा संगीतराजही त्याचाच ऋणी आहे.

मुद्रित स्वरूपात पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादित केलेली आवृत्ती १८९६-९७ मध्ये काढली. त्यानंतर महाराष्ट्रात श्रुतींचा वाद पेटला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली हिंदू संगीतातील २२ श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध करून त्यांची कंपनसंख्या गणिताने निश्चित केली. त्या कामी त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे साहाय्य झाले, आणि श्रुती वाजविणारी बाजाची पेटीही तयार करण्यात आली. विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांची भूमिका वेगळी होती. रत्नाकराचे शुद्ध सप्तक आज खात्रीने ठरविता येत नाही आणि त्यातील रागांची रूपे आजच्या गायनाशी जुळत नाहीत, म्हणून प्रचलित संगीताचे शास्त्र प्रचलित गायनावरूनच लिहावे, असे ते मानीत. त्यांनी स्वर पहिल्या श्रुतीवर मांडून बिलावल हे शुद्ध सप्तक धरले. शार्ङ्गदेवांच्या पद्धतीत स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर असतो. केवळ या फरकाने गंधार कोमल की शुद्ध, आणि पर्यायाने करुण कोणता, हे बदलते.

स्वर व भाव यांच्या नात्याची प्रायोगिक तपासणी २० व्या शतकाच्या अखेरीस झाली. लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम फोर्ड थॉम्पसन यांनी १९९९ मध्ये हिंदुस्तानी रागांचे तुकडे पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकविले. या संगीताशी परिचय नसतानाही त्यांना आनंद, दुःख आणि क्रोध हे अभिप्रेत भाव ओळखता आले. लय, स्वरवाक्याची गुंतागुंत आणि वाद्याचा पोत यांवरून त्यांनी ते ओळखले असे दिसले. शांत भावाची ओळख मात्र त्यांना तितकीशी पटली नाही.